झुरिकचे शेजारी बोलत नाहीत, मग आधी तुम्ही बेल वाजवा

तुम्ही लिहिलंय की झुरिकला येऊन काही महिने झाले, शेजारी जिन्यात 'ग्रुएत्सी' (इथला नमस्कार) म्हणतात आणि दार लावून घेतात, म्हणजे आपण त्यांना नको आहोत का. तसं बिलकुल नाहीये हो. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की जुने शेजारी काय हवं-नको बघायला येतात, इथे बरोबर उलटं, जो नवीन आलाय त्यानेच बेल वाजवून ओळख करून द्यायची, तोवर समोरचा तुम्हाला त्रास नको म्हणून लांब राहतो. म्हणजे तुम्ही त्यांची वाट बघताय आणि ते तुमची.

सगळ्यांच्या लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी टाका, शनिवारी अपेरोला, म्हणजे पेय आणि थोडं खाणं यासाठी या, पाच ते सात. संपायची वेळ पण लिहा, म्हणजे लोक निवांत येतात. वाईन, ज्यूस, चीज आणि आपली बाकरवडी एवढं बास, पूर्ण जेवण घालू नका, पहिल्याच भेटीत त्यांना अवघड होतं. ग्लास उचलला की एकेकाच्या डोळ्यात बघून, नाव घेऊन 'प्रोश्ट' म्हणजे चिअर्स म्हणायचं, हे ते फार मनावर घेतात.

लाँड्रीरूमचं वेळापत्रक, रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, ड्रिल चालवायचं नाही, या नियमांचा तुम्हाला जाच वाटतोय ते कळतं. पण मशीन एक आणि घरं आठ-दहा, तुम्ही फिल्टर साफ करून ठेवलात की पुढच्याला न बोलता कळतं की हा माणूस आपला विचार करतो. माझ्या मते इथली आपुलकी आधी अशीच दिसते, गप्पा नंतर. स्वित्झर्लंडचा राज्यकारभारही तसाच, सगळ्यांना विचारत सावकाश. 1 लाख सह्या 18 महिन्यांत जमवल्या की घटना बदलायचा प्रस्ताव थेट लोकांच्या मताला जातो. या सावकाशपणाची वाईट बाजूही आहे, 1959 च्या मतदानात पुरुषांनी नाही म्हटलं म्हणून बायकांना देशपातळीवर मताचा हक्क थेट 1971 मध्ये मिळाला, हे मला आजही खटकतं.

खरी मैत्री मात्र 'फेराइन'मध्ये होते, म्हणजे मंडळं, कॉयर, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, काहीही. एकात नाव घाला आणि खुर्च्या उचलायला थांबा. इथली स्विस जर्मन बोली कळली नाही तर सरळ सांगा, बहुतेक जण लगेच पुस्तकी जर्मनवर येतात.

आणि मुलगी चार वर्षांची होतेय म्हणताय तर किंडरगार्टन सुरू होईल, तिथे गळ्यात चमकणारा पट्टा घालून मुलं हळूहळू एकटी चालत जायला शिकतात, गाडीने सोडलेलं शाळेला आवडत नाही. भीती वाटणारच, मलाही वाटली होती. सुरुवातीला तुम्ही सोबत चालत जा, त्याच रस्त्याने जाणारी दोन-तीन मुलं सापडतील, त्यांच्या आईवडिलांशी बोलून पोरांना एकत्र पाठवायचं ठरवा. अपेरोच्या चिठ्ठ्या त्यांनाही द्या.