मोबाईल-इंटरनेट सोडून, रोजच्या वापरातल्या कोणत्या साध्या गोष्टीचं तुम्हाला आजही नवल वाटतं?

आमच्या फ्रिजवर एक प्लास्टिकचा डबा असतो. त्यात रबरबँड, सेल संपलेला थर्मामीटर आणि ओआरएसची (जुलाबात पाण्यात मिसळून पाजायच्या मीठ-साखरेची) तीन-चार पाकिटं. माझं उत्तर म्हणजे ती पाकिटं.

लेक अडीच वर्षांची असताना जूनमधल्या एका रात्री तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दीड वाजेपर्यंत चार वेळा कपडे बदलून झाले होते. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी आधी विचारलं, "रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? शू शेवटची कधी केली?" मग म्हणाले, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट टाका, अर्धं नको. दर दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. सासूबाई मागून म्हणतच होत्या, "अगं, सलाईन लावून आण एकदाचं." आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असं कुणाला वाटतच नाही. मी मोबाईलवर टायमर लावून बसले (मोबाईल सोडून म्हणालात, पण तेवढी सूट द्या). पहाटे साडेपाचला पोरीने अंथरुणात शू केली. ओली गादी बघून इतका आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

सकाळी आजीला सांगितलं. तिचं माहेर पंढरपूरकडचं. ती जुलाब म्हणत नाही, 'ढाळ' म्हणते. आणि कॉलराला पटकी. ती सात-आठ वर्षांची असताना गावात पटकी आली आणि आठवड्यात तिचे दोन भाऊ गेले. वेशीबाहेर मरीआईचं देऊळ होतं. गावकऱ्यांनी मरीआईचा गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला. म्हणजे रोग तिकडे गेला. पुढचं गाव तो अजून पुढे ढकलणार. हे सगळं आजीने पूर्वीही सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र एक नवीन सांगितलं: धाकटा भाऊ सारखा पाणी मागत होता आणि तिच्या आईने तांब्या उचलून फडताळात वर ठेवला होता. पाणी पाजलं तर ढाळ वाढतील, अशी तेव्हा समजूत.

त्यात निव्वळ अडाणीपणा नव्हता. पटकीत आतडं पाणी बाहेर फेकत राहतं, नुसतं मीठ-पाणी धड शोषलं जात नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असं असतं की ज्यातून साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी. पटकीतही हे दार उघडं राहतं! साखर जास्त झाली तर मात्र उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं. आणि पूड कमी पडली तर मीठ-साखर पुरत नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचं, म्हणून लिटरभर पाण्याला अर्धं पाकीट नको.

शास्त्रज्ञांना हे १९६० च्या दशकात कळलं होतं, पण खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाकिटं भरून घेतली आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले: पाजत राहा. छावणीतल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्या उपचाराखाली ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपली सन्मानाची घाई अशीच असते.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायकांनी घरोघरी जाऊन शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी.

हे मी आजीला वाचून दाखवलं. तिने गूळ हा शब्द दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "गुळाची ढेप तर त्याच फडताळात होती गं, तांब्याच्या शेजारी."

ता. क. मेडिकलमध्ये टेट्रापॅकमधलं गोड, संत्र्याच्या चवीचं सरबत पुढे करतात, ते हे नव्हे. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का बघा. वीस-बावीस रुपयांना मिळतं, आशाताईंकडे फुकट. चव वाईट असते. लेकीने तिसऱ्या चमच्याला ते माझ्या चष्म्यावर थुंकलं होतं.