संत ला साल यांनाच ‘शिक्षकांचे संत’ का मानतात?

शाळा काढणारे कॅथलिक संत पुष्कळ झाले. मग १९५० साली पोप पायस बारावे यांनी जाँ-बातिस्त द ला साल (१६५१–१७१९) यांनाच शिक्षकांचे आश्रयदाते संत का ठरवले, हा आपला प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या शाळांपेक्षा त्या शाळांतल्या मास्तरांशी जडलेल्या त्यांच्या नात्यात सापडते.

फ्रान्समधील रँस शहरातल्या सधन घराण्यात ते जन्मले. वयाच्या सोळाव्या वर्षी तेथील कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) त्यांना कॅननचे, म्हणजे तिथली उपासना व कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सदस्याचे, मानाचे पद मिळाले आणि १६७८ मध्ये ते धर्मगुरू झाले. शाळांच्या कामात ते ओघानेच पडले. १६७९ मध्ये आद्रियँ निएल हे गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायला रँसला आले आणि ला साल यांनी त्यांना हात दिला. त्या शाळांवरचे मास्तर जेमतेम शिकलेले असत. आपण त्यांना घरच्या नोकराहूनही खालचे समजत होतो, असे ला साल यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तरीही १६८१ मध्ये नातलगांचा रोष पत्करून त्यांनी या मास्तरांना स्वतःच्या घरी राहायला आणले.

उद्याची चिंता करू नका, देवावर भरवसा ठेवा, असे ते त्यांना सांगत. त्यावर, पद आणि पैसा गाठीशी असणाऱ्याला असे बोलणे सोपे आहे, शाळा बंद पडल्या तर आम्ही काय खायचे, असे मास्तरांनी तोंडावर सुनावले, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडले, तेही भावाकडे न देता एका गरीब धर्मगुरूकडे दिले, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. ती शाळांच्या नावे का ठेवली नाही, असे व्यवहारी माणूस विचारील. पण मग मास्तरांच्या बोलण्याला त्यांच्याकडे काय उत्तर उरले असते?

या मास्तरांमधून त्यांनी उभारलेल्या धार्मिक संघातले ‘ब्रदर’ (व्रतस्थ बंधू) धर्मगुरू नसत; शिकवणे हेच त्यांचे पूर्णवेळचे व्रत होते. तोपर्यंत मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घेई आणि बाकीची मुले नुसती बसून राहत. ला साल यांच्या शाळांत सगळा वर्ग एकदम शिकू लागला. वाचन लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून सुरू होई. १७२० मध्ये छापलेल्या त्यांच्या शालेय नियमावलीत बारकावे किती आहेत पाहा: मास्तरांनी फार बोलू नये म्हणून लाकडी साधनाच्या टकटकीने खुणा कशा कराव्यात आणि मुले गैरहजर का राहतात, हेसुद्धा तीत आहे. अर्थात तीत छडीलाही जागा आहे, जरी तिच्या वापरावर बंधने घातलेली असली. आणि या शाळा केवळ मुलग्यांच्या होत्या. आजच्या बालकेंद्री शिक्षणाचे जनक म्हणून त्यांचे गोडवे गाणे मला पटत नाही.

पॅरिसमधल्या लेखन शिकवणाऱ्या मास्तरांच्या संघटनेने, मोफत शाळांमुळे आपले उत्पन्न बुडते म्हणून, त्यांना वारंवार कोर्टात खेचले. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेला, रुआँ येथे त्यांचे निधन झाले. १७२५ मध्ये पोपनी संघाला मान्यता दिली, तर १९०० मध्ये ला साल यांना संतपद मिळाले. संघाच्या शाळा आज जगभर आहेत, मात्र त्यांत शिकवणाऱ्यांत ब्रदर थोडे आणि संसारी स्त्री-पुरुषच फार आहेत.