मध्ययुगीन सांगाड्यांच्या रासायनिक तपासणीवरून त्या माणसाचा आहार आणि मूळ ठिकाण खरोखर कळते का?

जुन्या हाडांवरून ‘हा माणूस काय खात होता आणि कुठून आला होता’ असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य किती आणि बातमीचा फुगवटा किती, असे आपण विचारले आहे. मी पुरातत्त्वाचा नव्हे, रसायनशास्त्राचा माणूस आहे. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. आहाराचे स्वरूप बऱ्यापैकी कळते, ताटातला नेमका पदार्थ कळत नाही. मूळ ठिकाणाबाबत म्हणायचे तर, तो कुठला नव्हता हे जितक्या खात्रीने सांगता येते तितक्या खात्रीने तो कुठला होता हे सांगता येत नाही.

यासाठी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे उदाहरण घ्यावे, कारण त्याचे आयुष्य कागदोपत्रीही ठाऊक आहे आणि रसायनाने दिलेले उत्तर पडताळून पाहता येते. १४५२ मध्ये फोदरिंगे येथे जन्मलेला हा राजा १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला आणि त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली सापडला. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि लेस्टर विद्यापीठ यांच्या संशोधकांनी त्याचे दात, मांडीचे हाड आणि बरगडी अशा तीन ठिकाणचे नमुने तपासले. या निवडीतच सारी मेख आहे. दात बालपणी घडतात आणि नंतर त्यांचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, बदलत नाही. मांडीचे हाड सावकाश झिजून पुन्हा भरत असल्यामुळे त्यात मृत्यूपूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांची सरासरी सापडते. बरगडी त्याहून लवकर बदलते, म्हणून तिच्यात शेवटच्या दोन ते पाच वर्षांची नोंद असते. एकाच देहात आयुष्याचे तीन कालखंड असे वेगवेगळे वाचता येतात.

दातांतील स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून माणसात येते, आणि त्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण खडकाच्या जातीनुसार व वयानुसार बदलते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पिण्याच्या पाण्यावर, म्हणजे अखेर त्या प्रदेशातील पावसावर अवलंबून असते. रिचर्डच्या दातांवरून असे दिसले की त्याची पहिली वर्षे पूर्व इंग्लंडात गेली असावीत आणि वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तो पश्चिमेकडील अधिक पावसाच्या, जुन्या खडकांच्या प्रदेशात गेला असावा. १४५९ मध्ये तो वेल्सच्या सीमेजवळील लडलो येथे होता, अशी नोंद आहे. दोन्ही गोष्टी जुळतात. पण नोंद हाताशी नसती तर केवळ दातावरून ‘लडलो’ हे नाव कोणालाही काढता आले नसते.

आहारासाठी हाडातील कोलॅजेन हे प्रथिन काढून त्यातील कार्बन आणि नायट्रोजन तपासतात. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला जड नायट्रोजनचे, म्हणजे त्याच्या अधिक वजनाच्या समस्थानिकाचे, प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच भागांनी वाढते, त्यामुळे मांस-मासे भरपूर खाणारा माणूस लगेच वेगळा दिसतो. राज्यावर आल्यानंतरच्या काळाची साक्ष देणाऱ्या रिचर्डच्या बरगडीत हे प्रमाण मांडीच्या हाडापेक्षा वाढलेले आढळले, आणि त्याचा अर्थ गोड्या पाण्यातील मासे व शाही मेजवान्यांतील हंस, बगळे यांसारखे पक्षी असा लावण्यात आला. इथवर मला पटते. बरगडीतील ऑक्सिजनही बदललेला होता आणि त्या वर्षांत तो पश्चिमेकडे राहायला गेल्याची नोंद नाही. म्हणून त्याच्या पिण्यातला सुमारे चौथा हिस्सा परदेशी वाइनचा असावा, असे अनुमान निघाले. वर्तमानपत्रांनी नेमके हेच उचलले. अनुमान शक्य कोटीतले आहे, परंतु पेय आंबवताना किंवा अन्न शिजवतानाही ऑक्सिजनचे प्रमाण बदलते, तेव्हा ‘चौथा हिस्सा’ हा आकडा मी जपूनच वापरेन.

आहाराचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. रिचर्डच्या हाडाचा कार्बन-१४ काळ (काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेला) सुरुवातीला १४८५ च्याही काही दशके आधीचा आला होता. समुद्रातील कार्बन मुळातच ‘जुना’ असतो आणि मासे खाणाऱ्याच्या हाडात तो उतरतो. (चर्चच्या उपवासाला मांस वर्ज्य, मासे चालत, आपल्याकडे उपवास म्हटला की मासेच आधी बाद होतात.) ही दुरुस्ती केल्यावर काळ साधारण १४७५ ते १५३० असा आला. म्हणजे आहार कळल्याशिवाय तारीखही नीट लागत नाही.

भारतात अशी मध्ययुगीन उदाहरणे कमी, याचे एक उघड कारण दहनाची प्रथा. उत्तराखंडातील रूपकुंड हा ठळक अपवाद आहे. सुमारे ५,००० मीटर उंचीवरील त्या तळ्याकाठच्या सांगाड्यांवरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही सहभाग होता. डीएनए तपासलेल्या ३८ जणांपैकी २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, सातव्या ते दहाव्या शतकांतले निघाले. १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य प्रदेशातला आणि काळ बराच अलीकडचा, १८०० च्या आसपासचा निघाला. कार्बनने याला स्वतंत्र दुजोरा दिला. ज्वारी, बाजरी, नाचणी ही पिके गहू-तांदळापेक्षा वेगळ्या पद्धतीने कार्बन घेतात आणि तो फरक हाडात टिकतो. भूमध्य गटाच्या हाडांत भरड धान्याचा मागमूस जवळजवळ नव्हता. दक्षिण आशियाई गटात मात्र माणसागणिक फरक होता, काहींनी भरड धान्य चांगलेच खाल्लेले दिसते. ते धान्य ज्वारी होते की बाजरी, हे मात्र कार्बन सांगत नाही.

तेव्हा यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा नमुना दाताचा आहे की हाडाचा, हे आधी पाहावे. पुरलेल्या हाडात मातीतील स्ट्रॉन्शियम सहज शिरते. म्हणून केवळ हाडातील स्ट्रॉन्शियमवरून कोणी जन्मस्थान सांगत असेल, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.