कापणारा हात कोणाचा?

प्रश्न : जुन्या नाशकात दूधबाजाराजवळ आमच्या शेजारी एक वयस्कर शिंपी चाचा बसतात. सुई ओवताना हल्ली त्यांचा हात कापतो. मागच्या महिन्यात माझ्या सदऱ्याचे कापड त्यांनी आखूड बेतले. "अल्लाह की मर्जी," असे ते म्हणाले खरे, पण कापडाचे पैसे मात्र मोजून परत दिले. सारे अल्लाहच्या मर्जीने घडत असेल, तर ही भरपाई कशाची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या सदऱ्याचा हा प्रश्न बसरा आणि बगदाद येथील पंडितांनी पिढ्यानुपिढ्या लढवला आहे. कुराणात दोन्ही बाजूंना आधार सापडतो : अठराव्या सूरेत (अध्यायात) ज्याला वाटेल त्याने श्रद्धा ठेवावी, वाटेल त्याने नाकारावे असे म्हटले आहे, तर शहात्तराव्या सूरेनुसार अल्लाहने इच्छिल्यावाचून माणसाला इच्छाही होत नाही. जबरिया मताने माणसाच्या हाती काहीच ठेवले नाही. याउलट मुअतझिला पंथाचे म्हणणे असे की, अल्लाह न्यायी असल्यामुळे जे माणसाने केले नाही त्याची शिक्षा तो माणसाला देणार नाही. म्हणजे आपल्या कृत्याचा कर्ता माणूसच.

मुअतझिलांतूनच बाहेर पडलेले अल-अशअरी (मृत्यू सुमारे 935) यांनी जो दाखला घेतला, तो नेमका आपल्या चाचांच्या हाताचा आहे. आपोआप थरथरणारा हात आणि ठरवून हलवलेला हात यांतला फरक प्रत्येकाला आतून कळतो. (मराठीने मात्र थरथरण्याला आणि कात्री चालवण्याला 'कापणे' हा एकच शब्द देऊन घोळ घातला आहे.) अशअरींच्या मते दोन्ही हालचाली अल्लाहच निर्माण करतो, परंतु दुसरीबरोबर तो माणसात तेवढ्यापुरते सामर्थ्यही निर्माण करतो आणि त्यायोगे माणूस ते कृत्य आपलेसे करतो. यालाच 'कस्ब', म्हणजे कमाई, म्हणतात. ही कल्पना इतकी निसटती आहे की एखाद्या गोष्टीला 'अशअरींच्या कस्बाहून सूक्ष्म' म्हणण्याची रीतच पडली, आणि मला ती थट्टा अनाठायी वाटत नाही.

समरकंदचे अल-मातुरीदी (मृत्यू 944) मला अधिक पटतात. कृत्याची निर्मिती अल्लाहची, पण निवड खरोखर माणसाची, असे ते मानतात. आणि भारतातील हनफी परंपरा (सुन्नी मुसलमानांच्या धर्मशास्त्राची एक शाखा) बहुतांशी त्यांनाच अनुसरते. चाचांचे बोलणे आणि वागणे त्यामुळे एकमेकांना छेद देत नाही. सुई ओवताना हात थरथरला, त्याचे पैसे आपण मागितले नसतेत. कापडावर खडूची रेघ मात्र त्यांनी स्वतः आखली होती.