खापरपणजोबा बसऱ्याहून परत आले नाहीत, लेक त्यांचं चित्र काढतेय

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेस्टरमधे वाढलेली पंधरा वर्षांची लेक, शाळेच्या आर्टच्या परीक्षेला पूर्वजांच्या देशातलं युद्ध हा विषय घेऊन बसलीय, खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातनं इंग्रजांच्या पलटणीत गेले ते इराकमधल्या बसऱ्याहून आलेच नाहीत एवढंच घरात माहितीय, मिस्टर म्हणतात त्यापेक्षा महाराजांचं काढ, आणि तुम्हाला भीती की सासऱ्यांना त्रास होईल. माझं म्हणाल तर तिला हेच काढू द्या. घरातलं माणूस आहे ते.

फक्त तोफा, धूर, रक्त याच्यामागे तिला लागू देऊ नका. लढाई झाली इराकमधे, माणूस कमी झालं ते साताऱ्यातल्या घरात, तर चित्र त्या घराचं पाहिजे. पण माहिती काढू दे तिला. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, त्या इराकमधल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. अन्न संपत आलं, घोडे कापायची वेळ आली, ते मांस खायला आपले कित्येकजण तयार नव्हते. शरण गेल्यावर कैदी म्हणून वाळवंटातनं चालवत नेलं त्यात खूप मेले. कूतचे गावकरीही त्याच वेढ्यात होते, ते पण तिला सांगा.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांच्या वर माणसांची आठवण आहे, पण भारतीय पलटणींच्या साध्या शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा. आणि आपल्याकडे कितीतरी गावांत चावडीवर नाहीतर शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली छोटी पाटी असते, या गावातनं इतकी माणसं लढाईला गेली, त्यातली इतकी मेली. तिथेही आकडाच! गावातल्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाटीचा फोटो पाठवायला सांगा. नावं रजिस्टरमधे मात्र लिहिलेली आहेत, लढाईत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात, फक्त स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं असतं त्यामुळे चार-पाच प्रकारे टाकून बघा, पलटण माहीत असेल तर लवकर सापडतं. नाव सापडलं तर ते चित्रात देवनागरीत लिहू दे.

मांडणी कशी करायची विचारत होती ना ती, तर तिला वीरगळ दाखवा. गावाच्या वेशीवर, देवळाबाहेर शेंदूर फासलेले दगड असतात ते. खालनं वर वाचायचे, खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला घेऊन जातायत, वर तो शिवपिंडीची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. युद्धात गेलेल्या माणसाचं काय करायचं हे आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडात ठरवून ठेवलंय, तिला उसनं काही आणायची गरजच नाही. या माणसाला वीरगळ मिळाला नाही, तो ती काढेल. मधल्या चौकटीत अप्सरांच्या जागी जहाज काढते का, घरची बाई काढते का, का ती जागा कोरीच ठेवते, ते तिचं तिला ठरवू दे, शिक्षकांनी पण नको आणि तुम्ही पण नको.

गाव नीट बघितलेलं नाही म्हणून ती कचरतेय असं लिहिलंयत. स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले तेव्हा पिकासो पॅरिसमधे होता, बातम्या वाचून काढलं त्याने ते चित्र.

राहिले सासरे. ते फोनवर गप्प होतात कारण आपण त्यांना युद्धाबद्दल विचारतो, आणि युद्ध त्यांनी बघितलेलंच नाहीये. त्यांनी त्यांची आजी बघितलीय, ती जी मागे राहिली. तिच्याबद्दल विचारायला सांगा नातीला, ती कुंकू लावायची का, पेन्शन कोण आणायला जायचं, खापरपणजोबांचा एखादा फोटो, पेटी, कांबळं काही होतं का घरात. एकटीने विचारू दे, तुम्ही खोलीत थांबू नका. आणि चित्र पूर्ण झाल्यावर नाही, पेन्सिलीत असतानाच आजोबांना दाखवा, म्हणजे ते म्हणाले की आजीचा पदर असा नसायचा, तर तिला खोडून बदलता येईल.