पाच वर्षं झाली, आता तपासण्या बंद करू का?

प्रश्न: मांडीतली सायनोव्हियल सार्कोमाची (शरीराच्या मऊ भागात होणारा एक कॅन्सर) गाठ काढून 5 वर्षं झाली, रिपोर्ट क्लिअर आहेत. घरचे म्हणतात पुरे आता, गाठ पायात होती तर छातीचा सीटी कशाला?

उत्तर: ताई, कंटाळा येणारच, स्कॅनच्या आदल्या रात्री झोप उडते तेही कळतं, पण हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात जातो आणि तिथे सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही, म्हणून छाती बघतात. 5 वर्षांनंतर साधारण वर्षातून एकदाच यावं लागतं, पण बंद नको, सायनोव्हियल 10 वर्षांनीही डोकं वर काढतो. सीटीऐवजी साधा एक्सरे चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. आंघोळीला व्रणावरून साबणाचा हात फिरवताना नवी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.