सफरचंदाखाली रानस्ट्रॉबेरी: आधी रोपाचं लेबल नीट वाचा

ताई, जर्मनीत स्टुटगार्टच्या बागेत सफरचंदाखाली लॉन टिकत नाही, तिथे रानस्ट्रॉबेरी पसरेल का, असं तुम्ही विचारलंय. पसरेल, पण ते सगळं तुम्ही कुठलं रोप आणता त्यावर आहे.

वसंतात गार्डन सेंटरमध्ये हमखास दिसतात त्या 'मोनाट्स-एर्डबेरे', म्हणजे महिनोन्महिने फळणाऱ्या रानस्ट्रॉबेरी, 'रूगेन', 'अलेक्झांड्रिया' वगैरे. जात तीच, फळही जूनपासून पार थंडीपर्यंत येत राहतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण त्यांना रनर, म्हणजे जमिनीवरून पसरणारे तंतू, जवळजवळ येतच नाहीत. लावाल तिथे झुपका होतो आणि दोन झुपक्यांच्या मध्ये तण माजतं. पायवाटेच्या कडेला त्या छान दिसतात, जमीन झाकायच्या कामाच्या नाहीत.

तुम्हाला हवी ती साधी, जंगलातली. तिचे लालसर, दोऱ्याएवढे बारीक रनर मातीवरून सरकतात, पेराशी दोन-तीन पानं फुटतात आणि ओल मिळाली की तिथेच मुळं धरतात. फळ मात्र जून-जुलैच्या आसपास काही आठवडेच. तिसरा पर्याय 'फ्लोरिका'. हा रानस्ट्रॉबेरी आणि बागेतली मोठी स्ट्रॉबेरी यांचा संकर, खास 'स्ट्रॉबेरीचं कुरण' करायला वापरतात. दणकट आहे, फळं पानांच्या वर येतात, पण तिला ऊन जास्त लागतं. झाडाच्या बुंध्यापाशी साधी आणि कडेच्या उन्हात फ्लोरिका, असं मी करेन.

लावण्याआधी गीर्श (जमिनीखालून पसरणारं चिवट तण) आणि हरळीसारखं मुळांनी पसरणारं गवत खणून काढा. इथे आळस नको. रानस्ट्रॉबेरी बारीकसारीक तण दाबते, गीर्शपुढे तिचं काही चालत नाही, आणि एकदा दोघांची मुळं गुंतली की सोडवणं म्हणजे डोकेदुखी. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २५-३० सेंटिमीटर अंतरावर रोपं लावा. मधला कोंब मातीखाली गाडू नका, कुजतो. सफरचंदाची मुळं वरचं पाणी ओढून घेतात, म्हणून पुढचा पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागेल. गळलेली पानं थोडी राहू द्या, ओला जाड थर मात्र काढा. गर्द सावलीत पानं येतील, फळ नावालाच. आणि मुलं त्यावर फुटबॉल खेळणार असतील तर हा नाद सोडा. अधूनमधून पाय पडला तर चालतो, रोजची पळापळ नाही.

फळ करंगळीच्या पेराहून लहान. पिकलेलं असेल तर नुसतं बोट लावलं की हिरवी टोपी देठावरच ठेवून हातात येतं. ओढावं लागलं तर अजून थांबा. जॅमचे बेत करू नका, तेवढं जमत नाही आणि टिकतही नाही. मुठीत घेऊन जागीच खायचा प्रकार आहे हा. पिवळं फूल आणि वर तोंड करून बसलेलं लालभडक, पाणचट फळ दिसलं तर ती नकली स्ट्रॉबेरी. विषारी नाही, पण जागा अडवते. खरीचं फूल पांढरं असतं आणि फळ बहुधा खाली लोंबतं.

कोल्ह्यांमुळे ही फळं खायला भीती वाटते म्हणताय, ती अगदीच पोकळ नाही. दक्षिण जर्मनीत, त्यातही श्वेबिश आल्बच्या डोंगरपट्ट्यात, कोल्ह्याच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी पसरतात. माणसाला होणारा आजार दुर्मीळ, पण झाला तर गंभीर. बागेत कोल्हा येत असेल तर फळं नीट धुवा, मुलांना मातीत खेळल्यावर हात धुवायला लावा. धुण्याने धोका कमी होतो, संपत नाही. घरच्या फ्रीजरने ती अंडी मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. शंका असेल तर मुलांची वाटणी सरळ पातेल्यात घाला.

आईंसाठी पुण्याला बी पाठवायचं म्हणताय, ते राहू द्या. पुण्याचा एप्रिल-मे तिला सोसणार नाही. महाबळेश्वरला होते ती मोठ्या फळाची, वेगळी स्ट्रॉबेरी. ती पावसाळा ओसरताना वाफ्यांवर लावतात आणि उन्हाळ्यात हंगाम आटोपतो. आईंना हौसच असेल तर हिवाळ्यापुरती तीच कुंडीत लावू देत.